मामांचा शब्द

पोखर्णी,
ता. ८ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज ऐकवत न्हाई, म्हणून लिहायलेय. निकिताची काल नर्सिंगच्या कॉलेजातून परभणीच्या दवाखान्यात ड्युटी होती, डायलिसिसच्या खोलीत. तिथं खाटेवर कोण? तुमी तिच्यासाठी पसंत केलेला मानवतचा महारुद्र! दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा येतोय म्हणं. त्यानं पोरीला वळखलं आन् मान फिरवली. त्या लेकराची कीव येती दादा. शिसारी येती ती तुमची.

वहिनींनी सगळं सांगितलं. आपली निकिता त्यांना द्यायची, तवा ते त्यांची पोरगी साक्षी तुमच्या गोपाळला देणार. साटंलोटं! गोपाळला पस्तिसावं लागलं, शेती करणाऱ्याला कुणी पोरगी देईना, हे काय मला कळत न्हाई? म्हणून बिनबापाच्या भाचीचा बळी द्यायचा? थू!

ह्या घरावर तुमची माया हाय का न्हाई, ते उलट टपाली कळवा.

तानुबाई


ताडकळस,
ता. १३ जानेवारी

चि. तानूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं. जीभ लय सैल सोडलीस. आजार कुणाला नसतो? मी वीस वर्षं देवळात पोथीचा अर्थ सांगतो. भीष्मानं काशीराजाच्या मुली जिंकून आणल्या, त्या स्वतःसाठी नव्हे, धाकट्या भावासाठी. पुढे तो भाऊ क्षयानं गेला, तरी कुळ राहिलं. दुनिया भीष्माला पितामह म्हणते. मोठ्या माणसाला कुळासाठी असं वागावं लागतं.

माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. माघातली तिथी धरली आहे. मामा म्हणून पोरीच्या पाठीशी मीच उभा राहीन. शिवाय तिचं नर्सिंग घरच्या घरी कामाला येईल. लहानांनी लहानासारखं राहावं, म्हणजे आमचा आशीर्वाद आहेच.

किशनराव


ताडकळस,
ता. १७ जानेवारी

ती. आत्यास,
गोपाळचा सा. न.

तुमचं पत्र चुलीत जायच्या आधी आईनं मला वाचून दाखवलं. काल मानवतला जाऊन दोन्ही सोयरिकी मोडून आलो. महारुद्रच्या बापानं लय शिव्या घातल्या. खुद्द महारुद्र मला फाटकापर्यंत सोडायला आला. म्हणला की, त्यालाबी कुणी इचारलं नव्हतं.

बाबांनी मला घराबाहेर काढलंय. त्यांचा शब्द मी मातीत घातला म्हणत्यात. पोथीत ज्याच्यासाठी पोरी आणल्या, तो भाऊ तोंडातून चकार शब्द काढत न्हाई, गुमान हळद लावून घेतो. बाबांना तसाच पोरगा पाहिजे होता. आन् मी तसाच होतो.

आत्या, माझे उपकार मानू नका. महारुद्रचं मला दिवाळीपासनं ठाऊक होतं. साक्षीचा फोटो मोबाईलमधी रोज बघायचो. निकिता आठवली की मोबाईल पालथा ठेवायचो. माझीच मला किळस यायलीय. ती मला दादा म्हणती. तिला हे तुमी सांगा, माझ्याच्यानं होत न्हाई.

तिनं तोंड बघणार न्हाई म्हणलं, तर तिला समजावू नका.

गोपाळ