रशियाचा रेडा मुकुंदवाडीत

४ जानेवारी २०१२, पानिपत
आजपासून लिहायचं. मोठ्या पैलवानांना मुलाखतीत तारखा विचारतात. तेव्हा अडायला नको.
या फ्री-स्टाइल कंपनीत वर्ष झालं. कर्नालला मी काळा नाग, मेरठला ब्राझीलचा विंचू, सध्या रशियाचा रेडा. तोंडावर मुखवटा अन् शेवटी पडायचं, हे सगळीकडं सारखंच. पण नीट बघितलं तर एकेका नावावर हार दोन-तीनच येते. बद्रीनाथ कडूबा या माझ्या खऱ्या नावावर तर एकही नाय. रेकॉर्ड साफ हाय.

९ जानेवारी
पुढचा शो औरंगाबादला! मुकुंदवाडीत! मालक दहियाजींना सांगून टाकलं, माझ्या गावाकडं मी मुखवट्याबिगर लढणार, माझ्या नावानं, अन् जिंकणार. ते हसले. म्हणजे होच.
बापूंना फोन केला. माझे वडील जुने पैलवान, खुलताबादकडं कडूबा पैलवान म्हणून अजून त्यांचं नाव घेतात. मी तालीम सोडली तेव्हा म्हणाले होते, पडायचा पगार खाणारं पोरगं आमच्या घरातलं नाय. आज म्हणाले, जिंकणार असशील तर येतो.
संकल्प : चहा बंद. पहाटे उठून जोर-बैठका.

१० जानेवारी
थंडी लई. चहा घेतला. जोर उद्या.

२० जानेवारी, औरंगाबाद, दुपारी
दहियाजी म्हणाले, नाव-बीव काही नाही, रेडाच. जिंकणार पंजाबचा जग्गासिंग.
माईकवर आपला खुलताबादचा इलियास असतो. त्याला गाठलं. म्हणलं, मी ऐन वेळी मुखवटा काढतो, तू फक्त माझं नाव पुकार. तो म्हणाला, पैलवान, मालिक दोनों को निकालेगा, तेरा क्या, मेरे घर में बीवी है. म्हणजे विचार करतोय.

२१ जानेवारी
लिहायचं मन नाय. तरी लिहितो.
इलियासनं नेहमीसारखी आरोळी दिली, हे रशियाचं जनावर, हाय का कुणी याला जोड? मी हात वर करून रिंगला फेरी मारली. इथं जग्गासिंगनं पडद्याआडून यायचं असतं. पण आमच्याकडं जत्रेच्या फडात परगावचा पैलवान असा फिरला अन् कुणीच उठलं नाय, तर गावाची इज्जत जाते. पानिपतच्या माणसाला हे कोण सांगणार? जग्गासिंग यायच्या आत पब्लिकमधून बापू उठले. सदरा काढला. शड्डू ठोकला. वय साठीच्या पुढं, एक गुडघा कामातून गेलेला. पब्लिक उभी राहिली.
हाताला हात लागताच हळूच सांगितलं, बापू, मी बद्री.
म्हणाले, चालीवरनंच वळखलं. पड आता, गाव बघतंय.
पडलो. बापूंचा ढाक डाव लागला तो खराच होता, पण मी मनानं पडलो असंच लिहून ठेवतो.
बापूंना फेटा बांधला, खांद्यावर घेऊन नाचले. मी मुखवट्यातून टाळ्या ऐकत पडून राहिलो. नंतर इलियास माझ्यावरच उखडला, तेरा बाप उठनेवाला है ये पहले बोलने का ना, मियां!

२३ जानेवारी, जालना
दहियाजींना बापूंची एंट्री लई आवडली. आता गावोगाव पब्लिकमधून एक म्हातारा उठणार अन् रेड्याला पाडणार. आधी बापूंनाच विचारलं. त्यांनी दिलेल्या शिव्यांचं हिंदी इलियासनं केलं नाय.
म्हणून म्हातारा मी. पांढऱ्या मिशा, धोतर, फेटा. नाव कडूबा पैलवान. रेडा दुसऱ्याला दिला. शेवटी आपली कदर झालीच. मुखवटा नाय अन् नाव घरचं. अजून काय पाहिजे?

२५ जानेवारी
जिंकलो! लोकांनी खांद्यावर घेतलं. एका बाईनं ओवाळलं, म्हणाली, आजोबा, उतरताना जपून. मिशांचा गोंद अजून निघेना.
बापूंना लगेच फोन लावला. जिंकलो म्हणलं. त्यांनी विचारलं, कोणत्या नावानं?
आवाज येईना म्हणलं अन् ठेवून दिला.
येत होता.