नाव गुप्त राहील

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाठवलं! एकदाचं पाठवलं.

खाडीच्या पाण्याचे आकडे मी आमच्या सरकारी प्रयोगशाळेत काढते ते एक, आणि शिवराम साहेबांच्या सहीने वर जातात ते दुसरेच. कारखान्याचं विष माझ्या बाटलीत असतं, साहेबांच्या रिपोर्टात नसतं. साहेबांना तोंडी सांगून पाहिलं, तर म्हणाले, तुम्ही फक्त तपासायचं काम करा. म्हणून थेट दिल्लीला, दक्षता आयोगाकडे तक्रार. निनावी चालत नाही म्हणे — नाव द्या, आम्ही ते गुप्त ठेवू. दिलं. पाकीट चिकटवलं. डिंक बोटांना लागलाय तो अजून निघत नाही.

अम्मीलाही बोलले नाही. इथे लिहिते तेवढंच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. डबा, बस, बाटल्या, घर.

१५ फेब्रुवारी, रविवार

दिवाळे कोळीवाड्यात मासे आणायला गेले. माझी नेहमीची चांगुणाबाई पाटीत चार बोंबील घेऊन बसलेली, तेही दुसऱ्या बंदरावरून आणलेले. तिने स्वतःच सांगितलं. “आपल्या खाडीचं नको खाव बाय. पान्याला वास हाय.”

त्या वासाला मी नावानिशी ओळखते, हे तिला कसं सांगणार? पण परत येताना जरा बरं वाटलं. केलं ते योग्यच केलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

चौकशी आली! दिल्लीहून दोन माणसं येऊन फायली घेऊन गेली, आणि ऑफिसभर एकच कुजबुज — कोणी केलं?

माझ्याकडे कोणी बघत नाही. सगळे बघतात संघमित्राकडे. कंत्राटावर आहे ती, नमुन्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवते. माझी इथली एकुलती एक मैत्रीण. हातमोजे मिळत नाहीत म्हणून तिने मागे भर मीटिंगमध्ये साहेबांना नियम वाचून दाखवला होता. तेवढं पुरलं. हेडक्लार्क मिथुन म्हणाला, तिच्याशिवाय कोण करणार, संविधान घेऊन फिरते ती. रोजा आहे, डोकं दुखतंय, असं काहीतरी पुटपुटून मी उठले.

५ मार्च, गुरुवार

संघमित्राचा कॉम्प्युटर काढून घेतला. तिला रिकाम्या बाटल्यांच्या खोलीत बसवलंय, पंखासुद्धा नाही. तिच्याबरोबर कोणी चहाला जात नाही. मलाच समजावत होती, “टेन्शन नको घेऊ गं. मी केलंच नाय, तर घाबरू कशाला?”

लाज वाटते. लाज!

८ मार्च, रविवार

अल्तमशभाईकडे गेले. मामाचा मुलगा, पनवेलला वकिली करतो. दार लावून सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी देईल. तो कपाळाला हात लावून बसला.

म्हणाला, अशा तक्रारदारांना जपायचा कायदा २०१४ मध्येच मंजूर झाला, पण लागूच केला नाही. तोवर आहे तो एक सरकारी ठराव. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं, त्याला त्रास झाला तर त्याने दाद मागायची. बस्स. मी विचारलं, आणि संघमित्रा?

“ती तक्रारदार कुठाय? तिचं कंत्राट संपलं की संपलं, त्याला कोण काय बोलणार? तू गप्प राहा, सबिहा. नाव फुटलं तर तुझं आहे ते कवचही जाईल.”

कवच म्हणे! मंजूर कायद्याला इतक्या वर्षांत लागू व्हायचा मुहूर्त मिळाला नाही, आणि मी मात्र नाव लिहून मोकळी. मोठी शहाणी!

१६ मार्च, सोमवार

संघमित्राच्या हातात पत्र पडलं. महिनाअखेरीनंतर कंत्राट नाही. कळंबोलीच्या घरात लकवा झालेले तिचे वडील बाजीराव काका, आणि कमावणारी ही एकटी. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि उरलेलं काम करत बसली.

मी माझ्या टेबलाकडे परतले.

२१ मार्च, शनिवार

ईद. वाटलं होतं संघमित्रा यायची नाही, पण दरवर्षीसारखी आली, शिरखुर्मा खाल्ला. अम्मीने आग्रह करकरून वाढला. निघताना संघमित्रा लिफ्टपाशी थांबून म्हणाली, “ज्याने कोणी केलं ना, बरोबर केलं. पन माझं काय चाललंय ते बघतोय ना तो? मग एकदा तरी समोर यायचं.”

तिथेच सांगायला हवं होतं. लिफ्ट आली, ती गेली. मी जिन्यात बसून रडले.

सोमवारी साहेबांना सांगणार. कवच गेलं खड्ड्यात!

२३ मार्च, सोमवार

सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात — तक्रार माझी आहे, संघमित्राचा काही संबंध नाही, तिला परत घ्या.

साहेबांना नवल वाटलं नाही. म्हणाले, ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे मॅडम. दिल्लीच्या कागदावर नाव नव्हतं, पण ते नमुने तुमच्याशिवाय तपासतं कोण? मग मला बसायला खुर्ची दाखवली.

“तक्रारदाराला हात लावायचा नाही, असा नियम आहे. आम्ही तुम्हाला लावला का?”