चाळीस फॉर्म

प्रिय संचिता,

पेपरातला तुझा सन्मानाचा फोटो आईने कापून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. आजारपणाचं अर्थशास्त्र म्हणजे काय ते तिला कळत नाही, पण सगळ्या कोलशेतला सांगत सुटलीय, "ही आमच्या दर्शनाची मैत्रीण. कॉलेजात असताना आमच्याकडे जवला-भाकरी खायची." मीही मिरवतेच म्हणा. आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्यांदा तुझा तो जुना अहवाल वाचायला देतात.

मला मात्र आठवतो मानपाड्याचा तो मे महिना. कारखान्यांमागच्या चाळींतून त्या अहवालासाठी आजारपणाच्या खर्चाचे फॉर्म भरून घेत आपण दारोदार फिरायचो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हसले होते, इथे औषध फुकट मिळतं, मग खर्च कसला विचारता? आणि मग खोकी भरायच्या कामावर जाणाऱ्या तुळसामावशी भेटल्या. म्हणाल्या, "औषध फुकट गं बाय, पण रांगेत उभं राहिलं की दिवसाची हजेरी जाते. म्हणून मी जातच नाय." तुझं पेन थांबलं. हा खर्च तोवर कुणी धरलाच नव्हता. तू धरलास, आणि तिथला दवाखाना संध्याकाळीही उघडायला लागला. आता मावशींची सून कामावरून सुटल्यावर बाळाला घेऊन जाते.

त्याच मे महिन्यात मी चाळीस फॉर्म घरी बसून मनानेच भरले. ऊन होतं, कंटाळा आलेला, एवढंच कारण. तू ते चाळलेस आणि म्हणालीस, "दर्शना, चाळीस घरांत एकही बाई आजारी नाही?" मला मान वर करवेना. तू ओरडली नाहीस. फॉर्म फाडलेस आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा पहिल्या घराचं दार वाजवलंस. अकरा दिवस लागले. अहवाल उशिरा गेला, तुझी परदेशातली शिष्यवृत्ती हुकली. कॉलेजातल्या सरांनी विचारलं तर म्हणालीस, "माझंच नियोजन चुकलं." वर्तकनगरला तुझे बाबा महिनाभर तुझ्याशी बोलत नव्हते, हे मला फार नंतर तुझ्या भावाकडून, मुकुलकडून कळलं.

उद्यापासून तीस नव्या मुली सर्वेक्षणाच्या कामावर येतायत. त्यांना मी शिकवायचंय, आणि साहेबांनी सुरुवातीला तुझ्याविषयी बोलायला सांगितलंय. साहेबांना तुझ्या सन्मानांची यादी हवी असेल. मी मात्र हे सगळं सांगणार आहे, माझं नाव घेऊन, साहेबांसमोर. माझं काय व्हायचं ते होऊ दे. वीस वर्षं तू गप्प राहिलीस. आता फोन करून अडवू नकोस, मी उचलणार नाही.

तुझीच,
दर्शना