सारस परत आला म्हणे

रवि., ४ नोव्हें. २०१२
सकाळपासून लाईन होती, म्हणून पिहू टीव्हीसमोरून हलली नाही. जुन्या गोष्टींची ती नवीन मालिका, हिंदीतली. आज सारसाची गोष्ट. आमच्या चौथीच्या पुस्तकात होती; मामाजी, माझे सासरे, तर यांना लहानपणापासून ती सांगत आले. तळ्याचं पाणी वाढतं, घरटं बुडायला येतं, सारस कोरडी जागा पाहायला जातो आणि पारध्याच्या फासात सापडतो. सारसी एकटीने पिल्लू वाढवते. बस, एवढीच.
टीव्हीत पिल्लाच्या गळ्यात मफलर. एक बेडूक, सारखा पडणारा. गाणं. आणि शेवटी सारस परत! पंखाला पट्टी बांधून. तिघंही नाचले.
पिहू धावत स्वयंपाकघरात. "आई, तो आला! सगळे म्हणत होते गेला, गेला. पण आला."
हात कणकेत. म्हटलं, छान.
ती तिथेच उभी राहिली थोडा वेळ. आणखी काही विचारायचं असेल. मग टीव्हीकडे परत गेली.

बुध., ७ नोव्हें.
पेपर तपासून शाळेतून आले तर समोरच्या खोलीत खुंटीवर यांचा निळा शर्ट. पेटीतून पिहूने काढला.
"काऊन काढला गं?"
"बाबा आले त लागंल ना."
इतकं सरळ म्हणाली, की...
शर्ट काढवला नाही मला. ती शेजारी खेळायला गेली, तरी नाही.

शुक्र., ९ नोव्हें.
मामाजींनी आज शर्ट पाहिला. दोन दिवस शेतावरच होते, धानाची कापणी सुरू आहे. पिहू झोपल्यावर म्हणाले, "हे काय लावून राहिली पोरगी?"
सांगितलं सगळं. टीव्हीचं पण.
"मंग तिले सांग ना. दोन वर्ष झाले."
"सहा वर्षांची आहे ती, मामाजी."
"माहीत आहे मले. तुले नाही जमत त मी सांगतो."
"नको. तुम्ही नका सांगू."
जरा जोरातच बोलले. ते उठून बाहेर गेले. घरात आम्ही तिघंच. दोघं बोललो नाही की घर फार मोठं वाटते.

पिहूला माहीत आहे असंच मी धरून होते. यांच्या फोटोला हार आहे, वर्षश्राद्ध झालं. पण अपघात झाला त्याच दिवशी माझा भाऊ तिला आपल्या गावी घेऊन गेला होता. चार वर्षांची. परत आणली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिने काहीच पाहिलं नाही. शेवट तिला कोणी सांगितलाच नाही म्हणा ना.

रवि., ११ नोव्हें.
तोच भाग पुन्हा लागला. पिहूने शेजारची पोरं गोळा करून दाखवला. बेडूक पडला की सगळे हसत. ती हसत नव्हती, शेवटाची वाट पाहत होती.
नंतर: "आई, पट्टी बांधली असली की किती दिवस उडता येत नाही?"
भाजी करपली म्हणून उठले. करपली नव्हती.

मंगळ., १३ नोव्हें.
दिवाळी. अनारसे बरे झाले. संध्याकाळी दिवे लावून अंगणात बसलो. पिहू फाटकापाशी जाऊन येई, जाऊन येई. मामाजी पाहत होते. मग तिला जवळ बोलावून सारसाची गोष्ट सुरू केली. मी डोळ्यांनी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.
चांगली सांगतात. सारसीची हाक काढली तर रस्त्याने जाणारा माणूस थांबला.
"मंग सारस आला," पिहू म्हणाली.
"नाही, माय. तो आला नाही."
"आला! टीव्हीत आला."
"टीव्हीवाल्यायनं आणला. त्यायले लेकरं रडलेली नाही पाहवत. फासात सापडला तो मेला. मेलेला येत नाही."
पिहू म्हणाली, "तुम्हाला गोष्ट येतच नाही," आणि आत जाऊन पालथी पडली. जेवली नाही.
मी मामाजींना नको ते बोलले. आजच्या दिवशी काय गरज होती, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "संगीता, माहा बी पोरगा होता तो. त्या शर्टाखालून रोज जाऊन राहिलो मी."
हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

गुरु., १५ नोव्हें.
भाऊबीज. भाऊ आला. ओवाळून झालं, जेवायला बसला, तर पिहू समोर उभी.
"मामा, तेव्हा मला काऊन नेलं होतं तुमच्या घरी?"
त्याचा घास हातात. माझ्याकडे पाहायला लागला.
मीच सांगितलं. तिला मांडीवर घेतलं. बाबा तिरोड्याहून येत होते, ट्रकने धडक दिली, दवाखान्यात नेईपर्यंत गेले. नदीवर अग्नी दिला. आता येणार नाहीत.
"दुखलं त्यांना?"
"थोडं दुखलं असंल. फार वेळ नाही."
"माझं नाव घेतलं?"
म्हटलं, मी तिथे नव्हते, पिहू. मला माहीत नाही.
रडली. मीही. भाऊ उठून मामाजींपाशी जाऊन बसला. त्याचं ताट तसंच.

शुक्र., १६ नोव्हें.
पिहूला जागा पाहायची होती. बायकांनी घाटावर जायचं नसते म्हणतात. मीही गेले नव्हते कधी. मामाजीच म्हणाले, "चाला. काही होत नाही."
भावाच्या गाडीने गेलो. वैनगंगा शांत. काहीच नाही तिथे, रेती, थोडी काळी माती. पिहूने पाण्यात हात घातला. "थंड आहे," म्हणाली.
येताना मामाजींच्या मांडीवर झोपली. खिडकीतून ऊन येत होतं, ते तिच्या तोंडावर दुपट्टा धरून बसले, घरापर्यंत.

सोम., १९ नोव्हें.
पिहूने शर्ट स्वतःच घडी करून दिला. बाही आत नीट दुमडली नव्हती. तशीच ठेवली.

रवि., २५ नोव्हें.
मळणी झाली. अंगणात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग. मालिकेत नवीन गोष्ट होती, पिहूने अर्धी पाहून सोडली. शेजारची चिंकी, तीन वर्षांची, तिला ढिगावर बसवून स्वतःच गोष्ट सांगायला बसली. सारसाची. हाक मामाजींसारखी काढली, बेडूकही घातला मधात.
मी दारात धान पाखडत होते.
"मंग साळस?" चिंकीने विचारलं.
पिहू थांबली. माझ्याकडे पाहिलं.
"आला ना," म्हणाली. "पट्टी बांधून आला."
चिंकी टाळ्या वाजवत घरी गेली. मी विचारलं, "येतो का तो?"
"नाही."
"मग?"
"ती लहान आहे, आई. मोठी झाली की सांगीन."
"केव्हा?"
"पहिलीत गेली की."
पिहू स्वतः पहिलीत. बाजेवर मामाजी खोकल्यासारखं हसले. तिला बरोबर म्हणावं की चूक, दोघांनाही ठरवता आलं नाही. ती ढिगावरून घसरत होती, वर चढत होती, पुन्हा घसरत होती.