मास्तरांची चौथी ओळ

६ फेब्रुवारी १९८२, शनिवार

शरफुद्दीन मास्तर गेले. दुपारी चारला. पाच महिने रोज त्यांच्याकडे, सोपाऱ्याला, नर्सची ड्यूटी केली. अर्धांगवायूने जीभ जड झालेली, तरी शेवटच्या तीन दिवसांत चार ओळी सांगितल्या. अरबीत, कविता. मला ओ का ठो कळत नव्हतं. ऐकलं तसं वहीत देवनागरीत उतरवलं. चौथ्या ओळीचा शेवटचा शब्द नीट उमटलाच नाही, दम संपला.

म्हणाले होते, ‘सिस्टर, बहरीनला मुनीरला पाठवा. जसं ऐकलंत तसं. एक अक्षर पदरचं नको.’

आठ वर्षांपूर्वी हा त्यांचा मुलगा घर सोडून गेला. मास्तर सगळ्यांना सांगायचे, ‘मीच हाकलला.’ का, ते कधीच सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

मी उतरवलेलं कोणाला वाचता येईल का, अशी धाकधूक. फर्डिनंडला दाखवलं. माझा भाऊ, अकरा वर्षं कुवेतला ट्रक चालवलाय. पहिल्या तीन ओळींत तो अडकला. चौथीत बोट ठेवून म्हणाला, ‘हे सोपंय. झलम — अन्याय केला. इब्न — मुलगा. अब — बाप. मुलाने बापावर अन्याय केला.’

‘नक्की?’

‘रेजिना, अकरा वर्षं काय मी मुक्याने काढली?’

चार ओळींखाली तो अर्थ लिहिला. सोबत — चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला या, आई वाट बघतेय. पाकीट टाकून आले.

२७ फेब्रुवारी

मुनीरचं पत्र. दोनच ओळी! ‘मिळालं. मी येत नाही. अम्मीला सांगा.’

कशी सांगू? त्याच्या आईने, हलीमाबींनी, त्याची खोली सारवून ठेवलीय.

पदरचं नको म्हणाले होते. मी एक अख्खी ओळ घातली.

२८ फेब्रुवारी

चर्चमध्ये मिस्साला गेले. एक शब्द ऐकला नाही.

३ मार्च, बुधवार

राहवेना. सोपाऱ्याच्या मौलवीसाहेबांकडे वही नेली. त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. स्वतः गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.

‘पहिल्या तीन ओळी कशावर संपतात?’

मी वाचलं — यझहबू. अतअबू. अक्तुबू.

‘मग चौथी?’

‘अब... अबू?’

‘अबूच! नाहीतर यमक मोडेल. आणि अरबीत ज्या नामाला शेवटी ऊ, तो करणारा. म्हणजे बाप. मुलावर बापाने अन्याय केला.’

मी म्हटलं, पण मुलगा आधी आलाय ना?

‘बोलताना करणारा आधी येतो. कवितेत वृत्ताचं वजन बसवायला, यमक साधायला शब्द मागेपुढे करतात. तुमच्या मराठीत नाही का — बापाने मुलावर म्हणा, मुलावर बापाने म्हणा, “ने” कुठे आहे ते बघायचं. कुवेतच्या रस्त्यावर तो शेवटचा स्वर कोणी उच्चारत नाही. तुमच्या भावाचा दोष नाही.’

त्याचा नाही. माझा. मरणाऱ्या माणसाने माफी मागितली, आणि मी ती शिवी करून पोराला पाठवली!

४ मार्च

तार केली. ‘अर्थ चुकला. अन्याय बापाने केला, मुलाने नाही. कृपा करून या.’

मग हलीमाबींना सगळं सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे “हाकलला” म्हनायचा ते खरंच! मी कधी मानलं नव्हतं. याच मानसाने माझा पोर तोडला. आठ वर्सं याची सेवा केली मी, बाय.’ मास्तरांची टोपी, चष्मा, पुस्तकं, सगळं पेटीत टाकलं आणि पेटी पडवीत काढली.

आता हेही माझ्याचमुळे.

१२ मार्च

उत्तर नाही. हलीमाबी कबरीकडे जात नाहीत. जेवतही नाहीत धड. मी जाते, बसते, उठून येते.

१८ मार्च

चाळिसावा. माणसं आली, फातेहा झाली. मुनीर नाही. हलीमाबी मला बघून आत निघून गेल्या. घरी येऊन वही फाडायला घेतली. फर्डिनंडने हातातून काढून घेतली.

२१ मार्च, रविवार

मुनीर आला! मी पडवीतच होते. त्याच्या पाया पडणार तोच त्याने मला धरलं. ‘सिस्टर, तुमचा अर्थ मी वाचलाच नाही. सहा वर्षांचा असल्यापासून अब्बांनी यमकं घोकून घेतलीत. अबू आहे, हे मला लगेच कळलं. म्हणून तर शरमेने येववेना.’

‘म्हणजे?’

‘खोटं आहे ते. त्यांनी नाही हाकललं. मी त्यांच्यावर हात उचलला आणि पळालो. अम्मीला त्यांनी कधी कळू दिलं नाही. पहिल्याच ओळीला यमक असं धरलं, की शेवटी दोष त्यांच्यावरच यावा. तुमची तार आली आणि कळलं — अम्मी ते खरं धरून बसली असणार.’

हलीमाबी दारात उभ्या. सगळं ऐकलेलं. त्याला म्हणाल्या, ‘अब्बांची ती पेटी उचल आनि आत ये.’