आबांच्या कानांची परीक्षा

कवठे येमाई
११ जानेवारी २०२५

चि. रुपालीस, आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावाने, शंभूने, परवा मला शिरूरला नेऊन कान तपासून आणले. बंद खोलीत बसवलं, कानांवर डबडी चढवली आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी चौथी नापास, म्हणून यंदा नापास व्हायचं नाही असं ठरवलंच होतं. काचेतून मॅडमचा हात दिसायचा. तो हलला की मी बटण दाबायचो. तीस वर्षं मेंढरं राखलेली नजर, एकदाही चुकली नाही!

कानाचं मशीन मिळालं, पण फोनवर अजून नुसती भुणभुण. भेटलो तरी तुझ्या ओठांकडे बघूनच समजून घेतो. तुझा आवाज ऐकून दहा वर्षं झाली, पोरी. फार आठवण येते.

माया आहेच, ती कागदावर तरी पाठवत जा.
तुझे आबा

खुटबाव
२० जानेवारी

ती. आबांस, रुपालीचा साष्टांग नमस्कार.

हसावं की रडावं? आबा, ती शाळेची परीक्षा नव्हती! यवतला कान तपासणाऱ्या अंकिताताईंना विचारलं. त्यांनी कपाळाला हातच लावला. तुम्हाला चांगलं ऐकू येतं असं समजून मशीन कमी ताकदीचं लावलं गेलं. तपासणाऱ्याचा हात दिसताच कामा नये, एकेक कान वेगळा तपासायचा आणि मशीन बसवल्यावर त्याच्यासकट पुन्हा तपासायचं, असा नियम आहे म्हणे. पुन्हा जा. पाठ करून बसा. ऐकू आलं नाही तर गप्प बसा, त्यात कसली लाज?

आई गेल्यापासून मनातलं बोलायला तुम्हीच आहात, आणि ते सगळं पत्रात मावत नाही हो. नऊ तारखेला, रविवारी संध्याकाळी फोन करते. उचलाच.

लेकीवर जीव असू द्या.
तुमची रुपाली

कवठे येमाई
१० फेब्रुवारी

चि. रुपालीस आशीर्वाद.

रागावली असशील. काल फोन मीच कट केला. मशीन बिघडलेलं नाही. तू सांगितलंस तसा पुन्हा शिरूरला गेलो आणि मॅडमना सरळ सांगितलं, बाई, मागच्या बारीला म्या फसवलं हाय. त्या हसल्या. भिंतीकडे तोंड करून बसलो. किती तरी वेळ बटण दाबायची पाळीच आली नाही, तेव्हा कळलं कान किती गेलेत ते. पण त्यांनी मशीनची ताकद वाढवून दिली, आता कुकरची शिट्टी ऐकतो, शंभूचं पुटपुटणंसुद्धा ऐकतो.

काल तू ‘जेवलात का?’ म्हणून विचारलंस. सासरी गेलीस तेव्हा तुझा आवाज पोरीचा, बारीक होता. काल फोनवर अनसा बोलली. तुझी आई, जशीच्या तशी. बारा वर्षांनी. मला सोसेना, म्हणून फोन कट केला.

पत्र मिळालं की पुन्हा फोन कर. मी काही बोललो नाही तरी ठेवू नकोस. तू नुसती बोलत राहा.

तुझे आबा