खराब म्हणणारा मीटर

२ जानेवारी
रेडिओ क्लबचे अध्यक्ष अरुमैनाथन स्वतः घरी आले. साबणाच्या डबीएवढा मीटर दिला. कुठलाही सुटा भाग चिमट्यात धरायचा, मीटर त्याचं नाव, किंमत आणि तब्येत सांगतो. तो वापरून बघून मी क्लबच्या सभेत अहवाल वाचायचा. माझीच निवड का, विचारलं. म्हणाले, तुम्हाला वेळ असतो. म्हणजे मी निःपक्षपाती आहे.
संकल्प: कडक तपासणी. दयामाया नाही.

३ जानेवारी
सुरुवात माझ्या खास साठ्यापासून. जुन्या टीव्हींतून स्वतः काढलेले अव्वल भाग. पहिला कंडेन्सर: खराब. दुसरा: खराब. तिसरा त्याला ओळखताच आला नाही. मीटर नवखा आहे. दिवसभर विश्रांती दिली.

५ जानेवारी
विश्रांतीचा उपयोग शून्य. कोदै म्हणाली, अहो, भागच मेले असतील. मी म्हटलं, चांगल्या कंपनीच्या टीव्हीतले आहेत. ती म्हणाली, बंद पडला म्हणूनच लोकांनी तो टाकला ना? बायकोशी तांत्रिक चर्चा बंद.

७ जानेवारी
रिची स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. जब्बारभाईंनी दुकानातले कोरे कंडेन्सर लावून बघू दिले. वर छापलेलं तेच मीटरनं सांगितलं. अहवालात नोंद: मीटर नव्या मालाला धार्जिणा.

९ जानेवारी
कुंभकोणमहून सासऱ्यांचा फोन. पोंगलला येतायत. त्यागराज आराधनेची मैफल ते दरवर्षी त्यांच्या जुन्या रेडिओवर ऐकायचे, सासूबाई होत्या तेव्हा दोघं मिळून. रेडिओ दोन वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला आहे. आवाज सोडून सगळं व्यवस्थित आहे.
एकदम सुचलं! मीटरनं नापास केलेले भाग त्यात बसवायचे. रेडिओ गायला लागला की मीटर तोंडावर पडला. कोदैनं विचारलं, पास झालेलेच का नाही बसवत? मग त्याला संशोधन कोण म्हणेल?

१२ जानेवारी
भाग बसवले. बोट भाजलं. रेडिओ लावला. गंभीर, खोल गुणगुण! कोदै म्हणाली, फ्रिज आहे तो. फ्रिज बंद केला. गुणगुण थांबली. तरी एकूण प्रगती आहे.

१३ जानेवारी, भोगी, सकाळ
आवाजाची खुंटी पूर्ण पिळून रेडिओ लावला. फट्. मग धूर. गल्लीत भोगीच्या रिवाजाप्रमाणे सगळे जुनं सामान जाळत होते, त्यामुळे आमचा धूर त्यात खपून गेला. ताबडतोब प्लग काढला आणि कुठला भाग गेला ते मीटरलाच विचारलं. मोठा कंडेन्सर चिमट्यात धरला. मीटर एकदाच लख्ख उजळला. मग गप्प. कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक होती, तिनं मीटर जळला म्हणे.
अहवालात नोंद: टिकाऊपणा बेताचा.

१५ जानेवारी
सासरे कालच आले. पोंगल झाला, जेवणं झाली, रेडिओचं नाव कुणी काढलं नाही. आज स्वतःच खोलीत जाऊन बघून आले. बराच वेळ उपरण्यानं चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "जावई, स्टेशन लावायची सुईच तेवढी अडकत होती हो. आवाज छान होता."
मी सांबारात मीठ कमी असल्याचं बोललो.

१८ जानेवारी
आराधना. सासरे आणि कोदै तिच्या मोबाइलवर ऐकत बसले. एका बाजूला ते, एका बाजूला ती, मधे मोबाइल. मला कुणी हाक मारली नाही. तशीही क्लबची सभा होती.
अहवाल वाचायला उभा राहिलो. अरुमैनाथन म्हणाले, बसा. मीटर सगळ्यांनी डिसेंबरातच घेतलेत. तुमचाही कोदैअम्मांनी घेतला होता. भेट दिली तर म्हणे तुम्ही रागावला असता, म्हणून तपासायला दिला.
म्हणजे मीटर माझाच होता.

१९ जानेवारी
कोदैला सांगितलं, मीटर उत्तम होता. तिनं कॉफी दिली. सासऱ्यांनाही सांगितलं, रेडिओ पूर्ववत करून देईन. ते घाईघाईनं नको म्हणाले.
मग आधी मीटरच दुरुस्त करायचं ठरवलं. उघडला. आतला एखादाच भाग गेला असणार. कुठला, ते शोधायला एक मीटर हवा.